केराच्या टोपलीतील दोन मतपत्रिका

१९९९ सालचा एप्रिल महिना ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना अजून आठवत असेल. त्या महिन्याच्या १७ तारखेस लोकसभेत विश्वासदर्शक ठराव मतास टाकण्यात आला. बाजूने २६९ आणि विरुद्ध २७० मते पडली, आणि ग्वाल्हेरात जन्मलेल्या अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार अवघ्या एका मताने गेले. पुढे कित्येक दिवस चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत ‘एक मत’ याखेरीज दुसरा विषय नव्हता. याच्या बरोबर सहा दिवसांनी, २३ एप्रिलला, तिकडे अमेरिकेत ‘इलेक्शन’ नावाचा एक चित्रपट मोजक्या चित्रगृहांत लागला. हायस्कुलातील विद्यार्थी-अध्यक्षाची निवडणूक हा त्याचा विषय, आणि त्याचीही सारी कथा एका मताभोवती फिरते. या दोन घटनांचा परस्परांशी काडीइतकाही संबंध नाही. तरीही ज्याची उमेदीची बरीच वर्षे निवडणुकीच्या कामात गेली, अशा आमच्यासारख्या निवृत्त सरकारी अधिकाऱ्याचे लक्ष या योगायोगाने वेधले गेले. चित्रपट पाहिला, पुन्हा पाहिला, आणि त्याच्या गुणदोषांविषयी गेली पंचवीसहून अधिक वर्षे तिकडे चाललेला वादही मिळेल तसा वाचला. तो वाद वरवर एका हट्टी मुलीच्या स्वभावाविषयी आहे. आमच्या मते त्याचा खरा विषय मते मोजणारा माणूस हा आहे, आणि तोच येथे मांडण्याचा विचार आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगावी लागेल. नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहर. तेथील एका हायस्कुलात जिम मॅकॲलिस्टर हे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतात. ‘वर्षातील उत्तम शिक्षक’ हा मान त्यांना तीनदा मिळालेला आहे. नीती आणि सदाचार यांत भेद काय, हा प्रश्न ते वर्गात विचारतात आणि त्या चर्चेत रमतात. त्याच वर्गात ट्रेसी फ्लिक नावाची मुलगी आहे. प्रत्येक प्रश्नाला तिचा हात सर्वांत आधी वर जातो. शाळेतील एकही मंडळ तिने सोडलेले नाही. घरी केवळ आई. ती नामांकित स्त्रियांना पत्रे लिहून ‘माझ्या मुलीने यशस्वी होण्यासाठी काय करावे’ असा सल्ला मागत असते. ट्रेसी अध्यक्षपदासाठी एकटीच उभी आहे. बिनविरोध निवडून येणार हे उघड आहे. मास्तरांना हे सहन होत नाही. ते पाय मोडून बसलेल्या पॉल मेट्झलर या लोकप्रिय, श्रीमंत आणि मनाने अगदी निर्मळ अशा फुटबॉलपटूला उभे राहण्यास भरीस घालतात. पॉलची धाकटी बहीण टॅमी हिची जिवलग मैत्रीण तिला सोडून पॉलशी सूत जुळवते, तेव्हा त्या रागाने टॅमीही अर्ज भरते. तिच्या भाषणाचा मथितार्थ एवढाच, की ही निवडणूक निव्वळ ढोंग आहे, मला निवडून द्या म्हणजे हे विद्यार्थी-मंडळच मोडीत काढते, नाहीतर मतच देऊ नका. सभागृह टाळ्यांनी दणाणून जाते. पुढे ट्रेसी रागाच्या भरात प्रतिस्पर्ध्याचे फलक फाडते, टॅमी त्याचा आळ आपण होऊन स्वतःवर घेते आणि शाळेतून बाहेर पडते. मतदान होते. ट्रेसी एका मताने जिंकते. आणि अंतिम मोजणी करताना मॅकॲलिस्टर मास्तर तिच्या दोन मतपत्रिका चुरगाळून केराच्या टोपलीत टाकतात.

दोन का? येथे दिग्दर्शकाची अंकगणिताची जाण दिसते. फरक एका मताचा असता एक पत्रिका नाहीशी केली तर बरोबरी होईल, आणि बरोबरी झाली की फेरमोजणी, चौकशी, सगळेच आले. दोन नाहीशा केल्या तर पॉल एका मताने विजयी होतो आणि विषय संपतो. म्हणजे मास्तरांच्या हातून हे रागाच्या झटक्यात झाले असे म्हणण्यास जागा नाही. त्या क्षणीही त्यांचे गणित पक्के होते. याला जोडून दुसरी एक गंमत आहे. स्वतःलाच मत देणे बरे दिसत नाही, या भाबड्या समजुतीने पॉलने आपले मत ट्रेसीला दिलेले असते. त्याने ते स्वतःला दिले असते तर तोच एका मताने सरळ मार्गाने निवडून आला असता, आणि मास्तरांना काही करावे लागलेच नसते. आपल्याकडे २००८ साली राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी यांचा ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६ असा एका मताने पराभव झाला होता, त्याची येथे आठवण होते. अशा वेळी जो तो ‘अमुक एकाने मत दिले असते तर’ याचा हिशेब करत बसतो. पॉल मात्र असा कोणताच हिशेब करीत नाही. चित्रपटात खऱ्या अर्थाने सज्जन म्हणावा असा तो एकटाच, आणि त्यालाच सगळे जण मठ्ठ समजतात.

या कथेचे मूळ दोन ठिकाणी आहे. टॉम पेरोटा या कादंबरीकाराने ‘इलेक्शन’ लिहिली ती १९९२ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या प्रभावाखाली. त्या वर्षी बुश आणि क्लिंटन यांच्या सामन्यात रॉस पेरो हे तिसरे गृहस्थ उतरले आणि सुमारे १९ टक्के मते घेऊन गेले. ‘तुमचे दोन्ही पक्ष नकोत’ म्हणणाऱ्या टॅमीच्या भाषणात त्या निवडणुकीचा सूर ओळखू येतो. दुसरे मूळ अधिक अस्वस्थ करणारे आहे. त्याच १९९२ साली विस्कॉन्सिन राज्यातील ओ क्लेअर येथील एका हायस्कुलात विद्यार्थ्यांनी वार्षिक समारंभाची ‘राणी’ म्हणून एका गरोदर विद्यार्थिनीला निवडून दिले. शाळेच्या प्रतिष्ठेला हे शोभणारे नाही असे वाटून शाळेतील जबाबदार मंडळींनी निकाल फिरवला आणि मतपत्रिका जाळून टाकल्या. प्रकरण अर्थातच उघडकीस आले. ज्यांच्यावर मुलांना लोकशाही शिकवण्याची जबाबदारी, त्यांनीच मुलांचा कौल आगीत घालावा, आणि तोही चांगल्या हेतूने! कादंबरीचे बीज आम्हाला येथे दिसते. पेरोटा यांच्या या हस्तलिखिताला आधी प्रकाशक मिळाला नव्हता. चित्रपटाचे हक्क विकले गेले आणि मग १९९८ मध्ये पुस्तक बाहेर आले.

दिग्दर्शक अलेक्झांडर पेन हे मूळचे ओमाहाचेच, जन्म १९६१ चा. कादंबरीतील न्यू जर्सी सोडून त्यांनी कथा आपल्या गावी नेली आणि १९९७ च्या शरद ऋतूत ओमाहाजवळच्या पापिलियन येथील एका चालू हायस्कुलात चित्रीकरण केले. पटकथा त्यांनी जिम टेलर यांच्यासह लिहिली. ट्रेसीच्या भूमिकेत रीझ विदरस्पून आणि मास्तरांच्या भूमिकेत मॅथ्यू ब्रॉडरिक. ही दुसरी निवड मोठी खोडकर म्हटली पाहिजे, कारण १९८६ च्या एका गाजलेल्या चित्रपटात याच ब्रॉडरिक यांनी शाळा बुडवून शहरभर हुंदडणाऱ्या फेरिस ब्यूलर या लाडक्या पोराचे काम केले होते. मुख्याध्यापकाला बनवणारा तोच पोरगा आता मास्तर होऊन खुर्चीवर बसला आहे, हे तिकडच्या प्रेक्षकाला पहिल्या दृश्यातच जाणवते, आणि त्याची सहानुभूती आपोआप मास्तरांकडे झुकते. ती तशी झुकावी हीच दिग्दर्शकाची योजना असावी.

चित्रपटाचे स्वागत समीक्षकांनी मनापासून केले. पटकथेस ऑस्करचे नामांकन मिळाले (पारितोषिक ‘द सायडर हाऊस रूल्स’ला गेले), न्यूयॉर्कच्या समीक्षक-मंडळाने तिला वर्षातील उत्तम पटकथा ठरवले, राष्ट्रीय समीक्षक-संस्थेने विदरस्पून यांना उत्तम अभिनेत्री म्हणून गौरवले. प्रेक्षकांची गर्दी मात्र झाली नाही. याला काळही कारण असू शकेल. चित्रपट लागण्यापूर्वी तीनच दिवस, २० एप्रिलला, कोलोरॅडोतील कोलंबाइन हायस्कुलात दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला आणि त्या दिवशी १२ विद्यार्थी व एक शिक्षक प्राणास मुकले. शाळेच्या आवारात काळा विनोद शोधण्याची कोणाची मनःस्थिती असणार?

शाळा आणि काळा विनोद ही जोडी तशी जुनी आहे. फ्रान्समध्ये जाँ व्हिगो यांनी १९३३ साली वसतिगृहातील मुलांच्या बंडावर पाऊण तासाचा एक चित्रपट केला. सरकारने त्यावर घातलेली बंदी १९४६ पर्यंत टिकली. इंग्लंडमध्ये १९६८ साली लिंडसे अँडरसन यांच्या ‘इफ’मध्ये मुले शाळेच्या समारंभावर बंदुका रोखतात, त्याला पुढच्याच वर्षी कान महोत्सवातील सर्वोच्च पारितोषिक मिळाले. अमेरिकेतील मोठे नाव म्हणजे १९८९ चा ‘हेदर्स’. शाळेतील उच्चभ्रू मुलींच्या टोळक्याचा काटा काढायचा आणि खुनाला आत्महत्येचे रूप द्यायचे, असा त्याचा विषय. त्यावर आधारलेली दूरचित्रवाणी मालिका २०१८ साली यायची होती. फ्लोरिडातील पार्कलँड येथे त्या वर्षी १४ फेब्रुवारीस शाळेत गोळीबार होऊन १७ जण ठार झाले, आणि वाहिनीला ती पुढे ढकलावी लागली. म्हणजे एका पिढीने ज्यावर हसून घेतले ते दुसऱ्या पिढीसमोर जसेच्या तसे ठेवता येईना. ‘इलेक्शन’मध्ये रक्ताचा थेंबही सांडत नाही. एका मधमाशीच्या दंशाने मास्तरांचा डोळा सुजतो, तेवढीच काय ती शारीरिक इजा. तरीही काळाने याही चित्रपटाचे हसू बदलले, आणि आमच्या दृष्टीने ते ‘हेदर्स’पेक्षा अधिक विचार करण्याजोगे आहे.

१९९९ साली बहुतेक सर्वांना ट्रेसी ही खलनायिका वाटली. तिची तुरुतुरु चाल, घट्ट मिटलेले ओठ, केक वाटून मते मागणे, पराभवाच्या भयाने किंचाळणे, यांवर लोक मनसोक्त हसले. पुढल्याच वर्षी फ्लोरिडातील फेरमोजणीचे प्रकरण उद्भवले. ५३७ मतांच्या फरकाने एका राष्ट्राचा अध्यक्ष ठरला, मतपत्रिकांच्या अर्धवट तुटलेल्या छिद्रांकडे भिंगातून पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांची छायाचित्रे जगभर छापली गेली, आणि १२ डिसेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मोजणी थांबवली. शाळेतल्या टोपलीतील दोन मतपत्रिका एकाएकी पोरखेळ राहिल्या नाहीत. मात्र त्या वेळीही चर्चा मोजणाऱ्या मास्तरांकडे वळली नाही. उलट ‘ट्रेसी फ्लिक’ हे नाव अमेरिकी राजकारणात शिवीसारखे वापरले जाऊ लागले. महत्त्वाकांक्षी, तयारीची, उत्तरे पाठ असलेली कोणतीही स्त्री निवडणुकीस उभी राहिली की तिला हे विशेषण चिकटवायचे. २००८ साली आणि पुन्हा २०१६ साली हिलरी क्लिंटन यांच्या बाबतीत वृत्तपत्रांनी हे मनमुराद केले. आपण भेटलो तेव्हा क्लिंटनबाईंनी स्वतःच ‘लोक मला ट्रेसी फ्लिकविषयी बोलत असतात’ असे म्हटल्याचे विदरस्पून यांनी सांगितले आहे. गंमत अशी, की बराक ओबामा यांनी आपल्याजवळ या चित्रपटाची आवड व्यक्त केली होती, असेही पेन सांगतात. एकाच चित्रपटातून दोन प्रतिस्पर्ध्यांनी काय काय घेतले असेल!

२०१७ नंतर वारा फिरला. अमेरिकेत स्त्रियांनी आपल्यावर झालेल्या अत्याचारांविषयी उघड बोलण्यास सुरुवात केली आणि जुन्या चित्रपटांची पुन्हा तपासणी होऊ लागली. २०१९ मध्ये या चित्रपटास वीस वर्षे झाली, तेव्हा अनेक समीक्षकांनी ‘आपण ट्रेसीवर अन्याय केला’ असे लिहिले. कारण कथेत एक गोष्ट आहे, जी वर सांगताना आम्ही मुद्दाम मागे ठेवली. मॅकॲलिस्टर यांचे मित्र आणि त्याच शाळेतील शिक्षक डेव्ह नोव्हॉट्नी यांनी निवडणुकीच्या आधी ट्रेसीला नादी लावलेले असते. ती अल्पवयीन विद्यार्थिनी, ते विवाहित शिक्षक. तिच्या आईच्या हाती एक चिठ्ठी लागते, मुख्याध्यापक गुपचूप नोव्हॉट्नींना काढून टाकतात, त्यांचा संसार मोडतो, आणि मुलगी जणू काही झालेच नाही अशा रीतीने पुन्हा वर्गात बसते. मॅकॲलिस्टर यांचा ट्रेसीवरील राग येथून सुरू होतो. आपल्या मित्राचा सत्यानाश या मुलीने केला, अशी त्यांची पक्की समजूत असते.

हे वाक्य वाचकांनी पुन्हा एकदा वाचावे. अपराध शिक्षकाचा, आणि सूड मुलीवर! १९९९ च्या प्रेक्षकाला हे जाणवले नाही, कारण कथा त्याला मास्तरांच्याच तोंडून ऐकू येते. येथे वादाचा खरा पेच आहे. एक पक्ष म्हणतो, चित्रपटानेच प्रेक्षकाची दिशाभूल केली, मुलीवरील अन्याय हसण्यावारी नेला, तेव्हा तो सदोष आहे. दुसरा पक्ष म्हणतो, चित्रपटाला सारे ठाऊक होते; झोपला होता तो प्रेक्षक.

आम्ही बव्हंशी दुसऱ्या पक्षाचे आहोत, आणि त्याला पुरावे चित्रपटातच आहेत. कथा चार जण सांगतात: मास्तर, ट्रेसी, पॉल आणि टॅमी. प्रत्येकाचे कथन पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टीशी कुठे ना कुठे विसंगत आहे, आणि सर्वांत अधिक विसंगती मास्तरांच्या कथनात आहे. स्वतःच्या संसारसुखाविषयी आणि निःपक्षपातीपणाविषयी ते बोलत असतात, तेव्हा पडद्यावर ते मित्राच्या परित्यक्त पत्नीकडे ओढले जात असतात. ट्रेसीचा चेहरा अर्धवट मिटलेले डोळे आणि वेडेवाकडे तोंड अशा अवस्थेत थिजवून दाखवला जातो, तोही मास्तर तिच्याविषयी सांगत असताना. म्हणजे ती कुरूपता मास्तरांच्या डोळ्यातली आहे. न्यायालयात एकाच पक्षाच्या साक्षीवर निकाल द्यायचा नसतो, हे ज्याला माहीत आहे त्याला या साक्षीदाराचा संशय यायला हवा होता. तो लोकांना आला नाही, कारण साक्षीदार सभ्य होता, विनोदी होता आणि शिक्षक होता.

तथापि पहिल्या पक्षाचे म्हणणे आम्ही सर्वस्वी फेटाळत नाही. नोव्हॉट्नी यांच्या प्रकरणावरील काही दृश्यांत विनोदाची मात्रा अशी काही आहे, की दिग्दर्शक स्वतःही त्यात रमला असावा असे वाटते. ट्रेसीच्या रागाच्या प्रसंगी एन्नियो मोरिकोने यांच्या एका जुन्या घोडदौडीच्या चित्रपटातील किंकाळी वाजते. प्रसंग मोठा गमतीचा होतो हे खरे. पण त्याच वेळी ती मुलगी माणूस न राहता व्यंगचित्र होते. पेरोटा यांनी २०२२ साली ट्रेसीवर दुसरी कादंबरी लिहिली. तिच्या आरंभीच मध्यमवयीन ट्रेसी नव्या काळातील बातम्या वाचून आपल्या जुन्या प्रकरणाकडे नव्याने पाहते. लेखकालाच दोन तपांनी पुन्हा त्या पानाकडे जावेसे वाटले, यावरून मूळ मांडणीत काही उणे होते असे म्हणणाऱ्यांचे बळ वाढते.

ट्रेसीच्या गरिबीकडेही पुरेसे लक्ष गेलेले नाही. पॉलच्या वडिलांचा सिमेंटचा कारखाना आहे, घर मोठे आहे. त्याला काही न करता सगळे मिळते आणि ते मिळाले याचे त्याला आश्चर्यही वाटत नाही. ट्रेसीला आई आणि वही-पेन्सिल यांपलीकडे भांडवल नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अशी एक तरी आजी किंवा आत्या होऊन गेली असेल. पूर्वज चाकरीनिमित्त शिंद्यांच्या, होळकरांच्या किंवा गायकवाडांच्या राज्यात आले, पुढे संस्थाने गेली, आणि मग शिष्यवृत्ती व परीक्षा एवढाच आधार उरला. अशा घरातील हुशार मुलीला ‘फार पुढे पुढे करते’ हे वाक्य किती वेळा ऐकावे लागले, याची मोजदाद नाही. म्हणून ओमाहाच्या त्या मुलीचा सदैव वर केलेला हात पाहून आम्हाला हसू फुटले नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे. मतपत्रिकांच्या काळात निवडणुकीची कामे केलेल्या माणसास मोजणीचे दृश्य पाहताना बसल्या जागी चुळबुळ होते. शाळेतील निवडणूक-मंडळाचा लॅरी नावाचा मुलगा आधी मोजतो आणि ट्रेसी जिंकली असे सांगतो. मग मास्तर एकटे मोजतात. ना उमेदवार हजर, ना त्यांचा प्रतिनिधी. मास्तरांचा आकडा वेगळा येतो, लॅरी गोंधळतो, ‘माझी बेरीज बरोबर होती’ असे म्हणतो. मास्तर मोठेपणाच्या आवाजात त्याला गप्प बसवतात. आपल्याकडे मतदान संपताच केंद्राध्यक्षास मतपत्रिकांचा हिशेब लिहून द्यावा लागे: किती आल्या, किती दिल्या, किती उरल्या, किती बाद झाल्या. मोजणी प्रतिनिधींच्या डोळ्यांदेखत व्हायची, गठ्ठे बांधले जायचे, आणि एक पत्रिका कमी भरली तर रात्र रात्र टेबलाखाली शोध चाले. समान मते पडल्यास काय करायचे, याचीही १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तरतूद आहे, चिठ्ठी टाकायची. ही सारी कटकट आम्हाला तरुणपणी जाचक वाटे. तिचे कारण असे, की कायद्याने मोजणारा माणूस साधू आहे असे गृहीत धरलेले नाही. ओमाहाच्या त्या शाळेने मात्र ‘उत्तम शिक्षक’ या पदवीलाच पुरेशी व्यवस्था मानले.

मास्तर सापडतात तेही पाहण्यासारखे आहे. चित्रपटाच्या आरंभी ते शिक्षक-खोलीतील शीतकपाट साफ करताना शिळ्या अन्नाचे पुडके टोपलीच्या दिशेने भिरकावतात, ते बाहेर पडते, आणि तसेच टाकून निघून जातात. साफसफाई करणारा कामगार ते पाहत असतो. तो नुसता बघतो, बोलत काहीच नाही. शेवटी केरातून त्या दोन चुरगाळलेल्या पत्रिका शोधून मुख्याध्यापकांपुढे ठेवणारा तोच. कचेरीत आयुष्य काढलेल्या कोणालाही हे पटेल. साहेबाने काय केले हे साहेबाच्या वरच्यांना उशिरा कळते. शिपायाला त्याच दिवशी कळलेले असते.

याच्या उलट टोकाचा माणूस पाहायचा तर अमित मसुरकर यांचा २०१७ चा ‘न्यूटन’ पाहावा. तोही काळा विनोदच. छत्तीसगडच्या जंगलात, एकेकाळच्या आमच्याच मध्य प्रदेशात, मूठभर मतदारांसाठी नियमाला चिकटून बसलेला केंद्राध्यक्ष त्यात आहे. मतदानाची वेळ संपेपर्यंत तो जागचा हलत नाही आणि त्यापायी सर्वांचा जीव नकोसा करतो. न्यूटनला आपण हसतो, कारण तो नियम पाळतो. मॅकॲलिस्टरना हसत नाही, निदान बराच वेळ हसत नाही, कारण ते मनमिळाऊ आहेत. हे दोन चित्रपट लागोपाठ दाखवून चर्चा घडवावी, असे आम्ही आमच्या एका छोट्या मंडळात सुचवले होते. एका ज्येष्ठ स्नेह्यांनी, जे स्वतः तीस वर्षे शिक्षक होते, ‘इलेक्शन’ला कडाडून विरोध केला. शिक्षकाची अशी विटंबना दाखवून साधायचे काय, असा त्यांचा सवाल होता. चितळे मास्तरांवर प्रेम करणाऱ्या आपल्या समाजात तो सवाल स्वाभाविक आहे, आणि आम्ही त्याचा अनादर करीत नाही. परंतु आदर ही एक गोष्ट आणि तपासणीतून सूट ही दुसरी. ओ क्लेअर येथे मतपत्रिका जाळल्या गेल्या त्या शिक्षकाविषयी अनादर असल्यामुळे नव्हे. तेथे कोणी विचारणारा नव्हता म्हणून.

पेन यांच्यावर आणखी एक आक्षेप नेहमी घेतला जातो: त्यांना आपल्या पात्रांविषयी, एकंदर मध्य अमेरिकेतील साध्या माणसांविषयी तुच्छता आहे. हा आक्षेप आम्हाला लटका वाटतो. त्यांनी खऱ्या शाळेतील खरे, रंग उडालेले वर्ग दाखवले, खरी सामान्य घरे दाखवली. तिकडच्या शाळापटांत पंचविशीतील देखण्या नटनट्या विद्यार्थी म्हणून वावरत असताना, येथे तोंडावर पुटकुळ्या असलेली मुले दिसतात, हीच काय ती तुच्छता! अर्थात मास्तरांच्या पत्नीचे पात्र फारच पुसट राहिले आहे, हे मान्य करावे लागेल.

शेवटाविषयीचा वाद सर्वांत मजेदार आहे, कारण शेवट दोन आहेत. कादंबरीस धरून चित्रित केलेल्या पहिल्या शेवटात नोकरी गेलेले मास्तर मोटारी विकत असतात. ट्रेसी तेथे येते, दोघांत थोडा समेट होतो, आणि ती शाळेच्या वार्षिकांकावर त्यांची सही मागते. चाचणीच्या प्रेक्षकांना तो रुचला नाही आणि तो बदलण्यात आला. पुढे २०११ साली जुन्या बाजारात मिळालेल्या एका चित्रफितीवर तो कोणाला तरी सापडला आणि रसिकांत नवा वाद सुरू झाला. तो अधिक माणुसकीचा आहे, मुलीला न्याय देणारा आहे, असे अनेकांचे म्हणणे आहे. प्रदर्शित शेवटात मास्तर न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात मुलांना माहिती सांगण्याचे काम करतात आणि आपण सुखी आहोत असे आपल्याला बजावून सांगतात. एकदा वॉशिंग्टनला गेले असता त्यांना ट्रेसी दिसते. ती एका लोकप्रतिनिधीबरोबर मोठ्या मोटारीत बसत असते. मास्तर हातातला पेयाचा पेला त्या मोटारीवर फेकून मारतात आणि चालक बाहेर येताच रस्त्याने पळत सुटतात.

आम्हाला हाच शेवट अधिक खरा वाटतो. समेटात मास्तरांना फुकटची क्षमा मिळाली असती. त्यांनी ती मागितलेलीच नव्हती, कारण चुकले असे त्यांना वाटतच नव्हते. चित्रपटाच्या अखेरच्या क्षणी ते संग्रहालयात लहान मुलांना खडकांचे प्रकार समजावून देत असतात. ते प्रश्न विचारतात. सोनेरी केसांची एक चिमुरडी तत्परतेने हात वर करते. मास्तर तिच्याकडे पाहतात आणि दुसरा कोणी हात वर करतो का, याची वाट पाहत उभे राहतात.